कर्ज सरकारचे, काटकसर कोणाची?



१९९१ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. पेरण्या होऊन महिना उलटला होता. ज्वारी गुडघ्याला आली होती. कापसाची खुरपणी चालू होती. पिकाला वरखत देण्याचे दिवस होते.

माझे वडील युरिया आणायला तालुक्याला गेले. त्या वेळी ५० किलोची गोणी ११७ रुपये ५० पैशांना मिळे. चार गोण्यांचे ४७० रुपये आणि वर गाडीभाडे, असे पैसे त्यांनी धोतराच्या कनवटीला बांधून नेले. संध्याकाळी ते परत आले. बघतो तर बैलगाडीत दोनच गोण्या!

वडील म्हणाले, "आरं, एका रातीत भाव वाढला. दुकानदार १६५ च्या खाली बोलंना. लई लोक तसंच माघारी चाललेत."

मी कंदील जवळ नेऊन गोणी पाहिली. गोणीवर जुनाच दर छापलेला होता. मी वडिलांना तो दाखवला. ते गप्प झाले. मग म्हणाले, "मला वाटलं, ते कंपनीचं नाव आसंल."

जुना माल नव्या दराने का विकता, असे दुकानदाराला विचारण्याचा हक्क वडिलांना होता. पण विचारायचे तर आधी वाचता यायला हवे. ही गोष्ट माझ्या मनात कायमची राहिली.

जेवताना वडिलांनी विचारले, "सरकारला आसं काय नडलं रं? ऐन वरखताच्या टायमाला गोणी महाग केली!"

त्या दिवशी मला नीट सांगता आले नाही. मी मॅट्रिक होऊन मास्तर झालेला माणूस. अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. पुढे मी वर्तमानपत्रे वाचली, जाणत्यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. तो आज तुम्हाला सांगतो.

सरकारला कर्ज कशाला लागते?

आपल्या घरात मिळकत असते आणि खर्च असतो. खर्च जास्त झाला की आपण उसनवार करतो. सरकारचेही तसेच आहे. सरकारची मिळकत मुख्यतः करांतून येते. आपण काडीपेटी घेतली तरी तिच्या किमतीत थोडा कर असतो. म्हणजे गरीब माणूसही सरकारच्या तिजोरीत भर घालतोच.

सरकारचे खर्च पुष्कळ असतात. सैन्य असते, नोकरांचे पगार असतात, रस्ते, धरणे, शाळा, दवाखाने असतात. जुन्या कर्जाचे व्याज असते. त्यातच एक खर्च खताचा असतो. कारखान्यात खत तयार करायला जो खर्च येतो, त्यापेक्षा कमी भावात ते शेतकऱ्याला मिळते. मधला फरक सरकार भरते. याला अनुदान म्हणतात. १९९० च्या सुमारास खताच्या अनुदानावर केंद्र सरकारचे वर्षाला चार हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च होत होते.

मिळकत कमी आणि खर्च जास्त, असे बरीच वर्षे चालले. देशात वर्षभरात जे पिकले, जे घडले, जे विकले गेले, त्या सगळ्याची किंमत १०० रुपये धरा. १९९०-९१ साली एकटे केंद्र सरकार त्यातले ८ रुपयांहून अधिक उसने घेत होते. हे कसे पेलायचे?

सरकारचे कर्ज दोन प्रकारचे असते. एक देशातल्या लोकांकडून आणि बँकांकडून घेतलेले. ते रुपयांत फेडता येते. दुसरे परदेशातून घेतलेले. ते डॉलरमध्ये फेडावे लागते. रुपया आपल्या देशात छापता येतो. डॉलर छापता येत नाही. तो कमवावा लागतो. आपला माल परदेशी विकला की डॉलर मिळतात. परदेशी नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांनी घरी पैसे धाडले की डॉलर मिळतात. आणि खनिज तेल, पोटॅश, यंत्रे विकत घ्यायची तर डॉलर द्यावे लागतात.

सोने गहाण पडले

२ ऑगस्ट १९९० रोजी इराक या देशाने शेजारच्या कुवेत देशावर चाल केली. दोन्ही देश तेलाचे. तेलाचे भाव भडकले. आपल्याला तेलासाठी जास्त डॉलर मोजावे लागले. कुवेतमध्ये आपले पुष्कळ लोक कामाला होते. सरकारने लाखाच्या वर माणसे विमानांनी परत आणली. माणसे वाचली, पण ती घरी धाडत होती ते पैसे बंद झाले. देशात एका मागून एक सरकारे बदलली. तेव्हा परदेशच्या बँका म्हणू लागल्या, यांना आता उसने नको. ज्यांनी आपले पैसे इथे ठेवले होते, तेही काढून घेऊ लागले.

गावातले आपण बघतोच. एखाद्याचा हात आखडला अशी कुणकुण लागली, की सगळे देणेकरी एकाच दिवशी दारात येतात. देशाचे तसेच झाले.

१९९१ च्या जुलैत देशाजवळ अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास परकी चलन उरले होते. म्हणजे बाहेरून माल आणायला जेमतेम पंधरा दिवसांचा पैसा. त्यानंतर तेलाचे जहाज आले असते, तर दाम द्यायला काही नव्हते.

अशा वेळी घरातली बाई काय करते? डागिने काढून देते. देशानेही तेच केले. १९९१ च्या मे महिन्यात २० टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेला दिले. जुलैत सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला पाठवले आणि त्यावर इंग्लंड व जपानच्या बँकांकडून कर्ज घेतले. लोकांना ही बातमी कळली तेव्हा फार वाईट वाटले. जुलैत गहाण पडलेले सोने त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सोडवले गेले, हेही सांगितले पाहिजे.

काटकसरीचा अर्थसंकल्प

२१ जून १९९१ रोजी पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. ते आपल्या शेजारच्या तेलंगणातले. निजामाच्या काळात त्यांचा मुलूख आणि आपला मराठवाडा एकाच राज्यात होता. त्यांना मराठी चांगले येई. नांदेडचे शंकरराव चव्हाण त्यांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष झाले. डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले.

सोने गहाण टाकून निभणार नव्हते. मोठे कर्ज हवे होते. ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या संस्थेकडून मिळणार होते. अडचणीत सापडलेल्या देशांना ही संस्था कर्ज देते. पण सावकार जसा विचारतो, "फेडणार कसे ते आधी सांगा," तशी ही संस्थाही विचारते. खर्च कमी करा, अनुदाने कमी करा, असे ती सांगते.

जुलैच्या १ आणि ३ तारखेला सरकारने रुपयाची किंमत दोनदा कमी केली. सुमारे २१ रुपयांना मिळणारा डॉलर २६ रुपयांच्या आसपास गेला. आपला माल परदेशात स्वस्त पडावा आणि जास्त खपावा, हा त्यातला हेतू. पण बाहेरून येणारा माल त्यामुळे महाग झाला.

मग २४ जुलैला अर्थसंकल्प आला. अर्थसंकल्प म्हणजे सरकारच्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज. त्यात खताचे भाव ४० टक्के वाढवले. पेट्रोल आणि स्वयंपाकाचा गॅस २० टक्के महाग केला. रेशनची साखर किलोमागे ८५ पैशांनी वाढली. ११७ रुपये ५० पैशांची युरियाची गोणी एका रात्रीत १६५ रुपये झाली. वडील बाजारात गेले ते त्यानंतरच.

लोक चिडले

आमच्या गावच्या पारावर रोज हीच चर्चा होई. एक जण म्हणे, "कर्ज काढलं दिल्लीनं आन् फेडायचं आम्ही?" दुसरा म्हणे, "आमच्या ज्वारीचा भाव न्हाई वाढला एका रातीत!"

या बोलण्यात खरेपणा होता. कापसाचेच पाहा. त्या काळी महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच घालावा लागे. भाव ठरवणे शेतकऱ्याच्या हाती नव्हते. विकताना भाव दुसऱ्याचा आणि घेतानाही भाव दुसऱ्याचा!

पण दुसरीही बाजू होती. वर्षानुवर्षे युरिया स्वस्त मिळत होता, तो सरकारच्या पैशातून. आणि सरकारचा पुष्कळ पैसा उसना होता. म्हणजे त्या कर्जातला थोडा भाग गोणीतून आपल्या शेतातही आला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांतही सगळ्यांचे एकमत नव्हते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांचे म्हणणे निराळे होते. सरकारने शेतमालाचे भाव दाबून धरू नयेत, शेतकऱ्याला घामाचे दाम मिळू द्यावे, मग त्याला सवलतींची भीक लागणार नाही, असे ते सांगत.

लोकसभेत मोठी खडाजंगी झाली. विरोधी पक्ष बोललेच. पण सरकारच्या स्वतःच्या पक्षाचे, शेतकरी भागातून निवडून आलेले खासदारही उठले. लोकांना तोंड कसे दाखवायचे, हा त्यांचा सवाल होता. शेवटी ६ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, वाढ ४० टक्क्यांऐवजी ३० टक्के राहील. आणि लहान शेतकऱ्यांना ही वाढ लागणार नाही, त्यांना खत जुन्याच भावाने मिळेल.

युरियाची गोणी १६५ वरून १५३ रुपयांवर आली. २४ जुलै ते ६ ऑगस्ट, म्हणजे पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. लोकांनी आपले गाऱ्हाणे आपल्या प्रतिनिधीच्या कानी घातले आणि सरकारला ऐकावे लागले.

शहरातले कामगारही अस्वस्थ होते. कारखाने बंद पडतील, नोकऱ्या जातील, अशी त्यांना भीती वाटे. २९ नोव्हेंबर १९९१ रोजी आणि पुन्हा १६ जून १९९२ रोजी कामगार संघटनांनी नव्या धोरणाविरुद्ध देशभर संप केला.

सवलत आली, पण आमच्या घरी नाही

लहान शेतकरी कोणाला म्हणायचे? ज्याची जमीन दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकरांपर्यंत आहे, त्याला. आणि हे ठरते कशावरून? कागदावरून. सात-बारा आणि आठ-अ यांवरून.

आमच्या घरी काय होते ते सांगतो. वडील धरून तिघे भाऊ. तिघांची मिळून जमीन ११ एकर. प्रत्येकाच्या वाट्याला चार एकरसुद्धा येत नव्हती. तिघांच्या चुली वेगळ्या, बैल वेगळे. पण कागदावर वाटणी झालेली नव्हती. सगळी ११ एकर थोरल्या काकांच्या एकट्याच्या नावावर. म्हणजे शेतात तिघे लहान शेतकरी आणि कागदावर एकच मोठा शेतकरी!

माझ्या वडिलांचे तर कागदावर नावच नव्हते. राबत होते ते, पण सरकारच्या लेखी ते शेतकरीच नव्हते. सवलतीचे कळले तेव्हा काका हळहळले. म्हणाले, "भावाभावांत कागद कशाला करायचा, आसं वाटलं होतं."

मनात पाप नव्हते, पण कागद केला नाही म्हणून नुकसान झाले. पुढल्या उन्हाळ्यात तिघे भाऊ एकत्र बसले. गोडीने वाटणी केली. तलाठ्याकडे जाऊन तिघांची नावे लावून घेतली. त्याच उन्हाळ्यात वडिलांनी माझ्याकडून आकडे शिकून घेतले. अक्षरे त्यांना पुरती आली नाहीत. पण गोणीवरचा भाव आणि सात-बारावरचे क्षेत्र ते शेवटपर्यंत स्वतः वाचत.

भाव कमी झाला, पण गोष्ट संपली नाही

खताच्या अनुदानाचा बोजा तर राहिलाच होता. संसदेच्या एका समितीने याचा विचार केला. २५ ऑगस्ट १९९२ पासून स्फुरद आणि पालाश देणाऱ्या खतांवरचे, म्हणजे डीएपी आणि पोटॅश यांसारख्या खतांवरचे दराचे नियंत्रण सरकारने काढले. त्यांचे भाव एकदम चढले. युरियाचा भाव मात्र १० टक्क्यांनी उतरवला. युरियाची गोणी १३८ रुपये झाली.

याचा परिणाम काय झाला असेल? तुम्ही शेतकरी आहात, तुम्हीच ओळखाल. लोकांनी महाग खत कमी केले आणि स्वस्त युरिया जास्त टाकला. देशातली खतांची वापरणी पाहिली तर १९९१-९२ साली पालाशाच्या एका भागाला नत्राचे सुमारे सहा भाग पडत होते. एका वर्षात ते साडेनऊ झाले.

नुसत्या युरियाने पीक हिरवेगार दिसते. पण ते लुसलुशीत होते, कीड लवकर पडते, ताटे लोळतात. जमिनीला तिन्ही अन्नद्रव्ये लागतात. जेवणात नुसती भाकरी खाऊन चालत नाही, तसेच हे आहे. म्हणून कोणता भाव वाढतो आणि कोणता उतरतो, एवढेच बघून भागत नाही. त्याने आपल्या शेताचे काय होईल, हेही बघावे लागते. माती तपासून घ्यावी आणि मगच खत टाकावे.

१९९१ च्या धोरणाने देशाचे भले झाले की नाही, यावर अजून वाद आहे. देशाची परकी चलनाची अडचण दूर झाली, व्यापार वाढला, हे खरे. २००९ साली भारताने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. पण शेतकऱ्याच्या मालाला नीट भाव मिळाला का? हा प्रश्न नांदेड-लातूरच्या बाजारात आजही कानी पडतो.

दुसऱ्या देशांत काय झाले?

असा प्रसंग आपल्यावरच आला असे नाही. इजिप्त देशात १९७७ च्या जानेवारीत सरकारने रोटी, साखर, तांदूळ यांवरची सवलत काढली. दोन दिवस शहरे पेटली. अनेक माणसे मेली. शेवटी सरकारने भाववाढ मागे घेतली.

आपल्या शेजारी श्रीलंका आहे. त्या देशावरही परदेशी कर्ज फार झाले. डॉलर संपत आले. २०२१ साली तिथल्या सरकारने रासायनिक खत बाहेरून आणणे एकाएकी बंद केले. सेंद्रिय शेती करायची, असे कारण दिले. त्याने डॉलरही वाचणार होते. पण शेतकऱ्याला तयारीला वेळच दिला नाही. भाताचे पीक घटले. काही महिन्यांत बंदी उठवावी लागली. १२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचे जाहीर केले. पेट्रोल मिळेना, गॅस मिळेना, औषध मिळेना. ९ जुलैला लोकांचा लोंढा राष्ट्रपतींच्या वाड्यात शिरला. राष्ट्रपती देश सोडून गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. नंतर नाणेनिधीचे कर्ज मिळाले, पण त्याबरोबर वीज महाग झाली, कर वाढले. राष्ट्रपती गेले तरी कर्ज गेले नाही. ते लोकांच्याच डोक्यावर राहिले.

आपण काय ध्यानात ठेवावे?

कर्ज फेडावेच लागते. घराचे असो, देशाचे असो. ओरडून कर्ज नाहीसे होत नाही. एसटी फोडली, तर ती पुन्हा घ्यायचा पैसाही आपल्याच करातून जातो.

पण काटकसर करायची ती कोणाच्या ताटातली, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. घरात ओढ आली, तर शहाणा कर्ता आधी आपला विडा-सुपारीचा खर्च कमी करतो. लेकराचे दूध आधी तोडत नाही. सरकारलाही हेच विचारावे. कोणता खर्च कमी केला? कोणाचा कर वाढवला? ऐन हंगामात का केले? आधी का नाही सांगितले? असे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात, अर्ज लिहून विचारता येतात, मत मागायला आलेल्या उमेदवाराला विचारता येतात. १९९१ साली अशा प्रश्नांनीच गोणीमागे १२ रुपये कमी झाले.

मात्र प्रश्न विचारणाऱ्याला हिशेब कळला पाहिजे. नाहीतर कोणीही येतो आणि आपल्याला भडकवून जातो. आणि सवलत मिळवणाऱ्याचा कागद नीट पाहिजे. नाहीतर सवलत दिल्लीहून निघते आणि आपल्या दाराशी येऊन परत जाते.

तुम्ही हा धडा इथवर स्वतः वाचलात. माझ्या वडिलांना त्या दिवशी दुकानात जे वाचता आले नाही, ते तुम्हाला आता वाचता येईल. पुढच्या वेळी खत घ्याल तेव्हा गोणीवरचा दर वाचा, आणि पावती घेतल्याशिवाय दुकानातून उठू नका.

विचार करा

१. ११७ रुपये ५० पैशांची गोणी १६५ रुपयांना झाली. चार गोण्यांना किती रुपये जास्त पडले?

२. तुमच्या घरच्या जमिनीच्या आठ-अ वर कोणाकोणाची नावे आहेत? घरातल्या बायकांची आहेत काय? उतारा आणून वर्गात वाचा.

३. तुमच्या ग्रामपंचायतीला पैसे कमी पडले, तर कोणता खर्च आधी कमी करावा आणि कोणता मुळीच करू नये? सगळे मिळून बोला.